गढवाळच्या शाळेत ‘ळ’ हवा

येत्या जनगणनेत माझ्या सासरच्या माणसांनी मातृभाषा विचारल्यावर ‘हिंदी’ सांगू नये, ‘गढवाळी’ सांगावं, हे मी भेटेल त्याच्या कानी घालते आहे. मी सांगलीची. लग्न होऊन डेहराडूनला आले आणि संसार इथंच झाला. सासर पौडी जिल्ह्यातल्या एका डोंगरावरच्या गावाचं. बाहेरून आलेल्या सुनेनं सासरच्या भाषेची कड घ्यावी याचं इथं काहींना नवल वाटतं. पण ज्या भाषेत सासूबाईंनी मला ‘ब्वारी’, म्हणजे सूनबाई, म्हणून हाक मारली, ज्या भाषेत मला चुलीपासून देवापर्यंत सगळं शिकवलं, ती डोळ्यांदेखत आटत चालली असताना गप्प बसणं मला जमत नाही.

आपल्याकडून चारधामला जाणाऱ्या लाखो माणसांनी गढवाळ पाहिलेला असतो, ऐकलेला मात्र क्वचितच असतो. हरिद्वारच्या रिक्षावाल्यापासून केदारनाथच्या वाटेवरच्या घोडेवाल्यापर्यंत सगळे आपल्याशी हिंदीत बोलतात आणि तिकडची भाषा हिंदीच, असं समजून आपण परततो. यमुनोत्री-गंगोत्री उत्तरकाशी जिल्ह्यात, केदारनाथ रुद्रप्रयागमध्ये, बद्रीनाथ चमोलीत. त्यांत टिहरी आणि पौडी मिळवा, डेहराडून-हरिद्वारमधल्या वस्त्या जोडा, की गढवाळीचा मुलूख तयार होतो. पूर्वेला दुधातोलीच्या डोंगररांगेपलीकडे कुमाऊंनी सुरू होते. पश्चिमेला जौनसार आणि रवाईंच्या खोऱ्यात बोली पुन्हा बदलते. अलकनंदेच्या काठावरचं श्रीनगर ही गढवाळच्या राजांची जुनी राजधानी, म्हणून तिथली बोली प्रमाण मानली जाते. शिवाय सलाणी, राठी, बधाणी, टिहरियाळी आणि नागपुरिया अशा बोली आहेत. (हे नागपूर आपलं नव्हे, मंदाकिनी-अलकनंदेच्या बाजूची एक जुनी पट्टी.) २०११च्या जनगणनेत २४,८२,०८९ लोकांनी आपली मातृभाषा गढवाळी असल्याचं सांगितलं. युनेस्कोच्या धोक्यातल्या भाषांच्या यादीत तरीही तिचं नाव आहे.

मी ‘गढवाळी’ असं लिहिते, वर्तमानपत्रं ‘गढवाली’ लिहितात. सासूबाईंच्या तोंडी नेहमी ‘ळ’ असतो. उद्याला त्या ‘भोळ’ म्हणतात, कालच्याला ‘ब्याळि’. काळा रंग ‘काळु’, झाड म्हणजे ‘डाळु’. प्यायचं ते ‘पाणि’, तेही आपल्यासारखं ‘ण’ लावून. लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत स्वयंपाकघरात त्या काहीबाही बोलत आणि मला निम्मं कळे, त्याचं कारण हेच होतं. एकदा त्यांनी गहत भिजत घातले, पाट्यावर वाटले आणि त्या वाटणाचा फाणू रटरटू लागला, तेव्हा वासावरूनच मी ओळखलं की हे आपले कुळीथ. मी त्यांना कुळथाच्या पिठल्याबद्दल माझ्या मोडक्या हिंदीत सांगू लागले, त्या गढवाळीत उत्तरं देत गेल्या. दोघींपैकी कुणाचीच हिंदी धड नव्हती आणि आमचं छान जमलं.

हा ‘ळ’ हिंदीच्या वर्णमालेत नाही. गढवाळातलं मूल सहाव्या वर्षी शाळेत जातं आणि तिथं जी अक्षरं गिरवतं, त्यांत त्याच्या आजीच्या तोंडातला एक आख्खा ध्वनी नसतो. ते ‘काला’, ‘कल’, ‘दाल’ लिहायला शिकतं. घरी येऊन ‘काळु’ म्हणालं तर मोठं भावंड त्याला हसतं, कारण त्या भावंडालाही शाळेनं तेच शिकवलेलं असतं. माझी मुलगी बालवाडीत होती तेव्हा तिच्या शाळेतून निरोप आला होता, घरी मुलीशी ‘शुद्ध’ बोला म्हणून. सासूबाई त्यानंतर बरेच दिवस नातीशी जपून, थांबत थांबत हिंदीत बोलत. तिला गोष्टी सांगणंही त्यांनी बंद केलं, कारण गोष्ट हिंदीत त्यांना येत नव्हती. त्या निरोपाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

भाषा गेल्यावर नेमकं काय जातं, हे मी गावच्या देवपूजेत पाहिलं. उन्हाळ्यात सगळी भावकी गावी जमते. दिल्ली, फरिदाबाद, चंडीगडच्या गाड्या रस्त्याला लागतात आणि तिथून चढ चढून माणसं घरी येतात. रात्री जागर लागतो. जागर गाणारा जागरी डौंर हे डमरूसारखं वाद्य वाजवतो, त्याचा साथीदार काशाची थाळी, आणि देवाची जन्मकथा गाऊन देवाला बोलावलं जातं. ज्याच्या अंगात देव येतो तो पस्वा. आमच्याकडे ते नवऱ्याचे एक चुलत काका आहेत. त्या रात्री नागराजा त्यांच्या अंगात आला, ते थरथरत उठले, मूठभर तांदूळ घेऊन थेट माझ्या पुतण्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी त्याला काही विचारलं. पुतण्या गुडगावला नोकरी करतो, मुलगा गुणी आहे, सुट्टी काढून आजीसाठी आला होता. तो हात जोडून उभा राहिला आणि बापाकडे बघू लागला. देव काय म्हणतोय ते त्याला समजलं नव्हतं. माझ्या दिरांनी ते हिंदीत सांगितलं, मुलानं हिंदीत उत्तर दिलं, दिरांनी ते गढवाळीत देवाला सांगितलं. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

बसंती बिष्ट यांना २०१७मध्ये आणि प्रीतम भरतवाण यांना २०१९मध्ये पद्मश्री मिळाली ती याच जागर गायनासाठी. बायकांनी जागर गायचा नाही, हा संकेत मोडून बसंतीताई उभ्या राहिल्या, त्याचा मला फार अभिमान वाटतो. चमोलीच्या सलूड-डुंग्रा गावातलं रम्माण हे विधिनाट्य २००९मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलं. कलेचा सन्मान होतो आहे आणि ती ज्या भाषेत उभी आहे तिला शाळेत बाक नाही, कचेरीत टेबल नाही. दुभाष्याशिवाय देवाशी बोलता न येणारी पिढी पुढं जागरीला बोलावेल तरी कशाला?

उत्तराखंड हे राज्य ९ नोव्हेंबर २००० रोजी झालं ते डोंगराची वेगळी ओळख सांगत. १९९४च्या आंदोलनात माणसं मेली. कोदा आणि झंगोरा, म्हणजे आपली नाचणी आणि भगरीसारखं धान्य, खाऊन राहू पण राज्य घेऊ, अशी लोकांची भाषा होती. त्या राज्याची राजभाषा हिंदी झाली आणि दुसऱ्या राजभाषेचा मान २०१०मध्ये संस्कृतला मिळाला. संस्कृतबद्दल मला आदर आहे. पण गढवाळी आणि कुमाऊंनी मिळून पंचेचाळीस लाखांवर माणसांच्या भाषा, आणि ज्या राज्यासाठी हे लोक लढले त्या राज्याच्या राजभाषांत दोन्हींना जागा नाही, हे मला अन्यायाचं वाटतं. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत घेण्याची मागणी दिल्लीच्या दारात पडून आहे, ती मान्य होईल तेव्हा होईल. प्राथमिक शाळेचं पुस्तक छापायला दिल्लीची परवानगी लागत नाही. २०१९मध्ये पौडीत ते करूनही दाखवलं गेलं. पहिली ते पाचवीसाठी गढवाळीची पाठ्यपुस्तकं निघाली आणि त्यांना धगुली, हंसुली अशी दागिन्यांची नावं दिली गेली. धगुली म्हणजे लहान मुलांच्या हातातलं कडं. पहिलीच्या पुस्तकाला याहून गोड नाव मला सुचत नाही. एका तालुक्यापुरता झालेला हा प्रयोग साऱ्या गढवाळात का नेता येऊ नये?

‘ही तर बोली आहे’ हे उत्तर मला इथं सतत ऐकू येतं आणि मराठी माणूस म्हणून ते मला ओळखीचं आहे. कोंकणी ही मराठीची बोली, असं आपल्यातले मोठमोठे लोक सांगत होते. साहित्य अकादमीनं १९७५मध्ये तिला स्वतंत्र भाषा मानलं, १९८७मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली, १९९२मध्ये आठव्या अनुसूचीत गेली. मराठीचं त्यानं काय कमी झालं? काहीही नाही. हिंदीचंही होणार नाही. जनगणनेत हिंदीभाषक म्हणून जे ५२ कोटींवर लोक दाखवले जातात, त्यात गढवाळी, कुमाऊंनी, भोजपुरी, राजस्थानी सगळ्या घातलेल्या असतात. आमच्या सासूबाई, ज्यांना हिंदी बोलताना घाम फुटतो, त्या सरकारी हिशेबात हिंदीभाषक आहेत. भोरच्या गणेश देवींनी उभ्या केलेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणात उत्तराखंडाच्या भाषांना स्वतंत्र खंड मिळाला, उमा भट्ट आणि शेखर पाठक यांनी तो संपादित केला. लोकांच्या सर्वेक्षणाला जे दिसलं ते सरकारी सर्वेक्षणालाही दिसायला हवं.

कुठली गढवाळी शिकवणार, श्रीनगरची की टिहरीची, हा दुसरा प्रश्न. खरा आहे, पण तो सोडवता येतो. पाठ्यपुस्तकातली मराठी ना सांगलीची असते ना मालवणची, म्हणून आपण मराठी शाळा बंद ठेवल्या नाहीत. गढवाळी शिकून नोकरी कशी मिळणार, हा प्रश्न त्याहून साधा आहे. माझे सासरे लॅन्सडाउनच्या गढवाळ रायफल्समध्ये होते. पलटणीत हिंदी, घरी गढवाळी. त्यांचं कुठं काही अडलं नाही. आणि पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी नको, आधी मुलाला त्याच्या भाषेत पाय रोवू द्या, असं २०२५मध्ये महाराष्ट्रात आपणच ठणकावून सांगितलं आणि सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला. ते तत्त्व पौडीच्या मुलालाही लागू आहे.

मला निरुत्तर करणारा प्रश्न एकच आहे. गावातच माणूस उरला नाही, मग शिकवणार कुणाला? २००१ ते २०११ या दहा वर्षांत पौडी जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. राज्याच्या पलायन (स्थलांतर) आयोगानं २०१८मध्ये सांगितलं की २०११नंतर आणखी ७३४ गावं निर्मनुष्य झाली. आमच्या गावात तिबारीच्या, म्हणजे ओसरीच्या, कोरीव खांबांची देखणी घरं आहेत, छपराच्या दगडी पठाली घसरलेल्या आणि दाराला कुलूप. वरच्या शेतात कुरीच्या झुडपांचं रान माजलंय, खालच्या शेतात रानडुकरं येतात. जुनं टिहरी शहर धरणाखाली गेलं, त्यातली काही कुटुंबं डेहराडूनच्या बंजारावाला भागात आली. तिथं एका आजीशी माझी ओळख आहे. सुना-नातवंडं आसपास असूनही गढवाळीत बोलायला तिला शेजारच्या गल्लीपर्यंत चालत जावं लागतं. म्हणून गढवाळीचा विचार आता फक्त डोंगरापुरता करून भागणार नाही. डेहराडूनच्या शाळांतही ती विषय म्हणून हवी. घराघरात तर हवीच, आणि ते काम सरकारचं नाही, आमचं आहे. लोकगायक नरेंद्रसिंह नेगींची गाणी लग्नात लावून नाचायचं आणि पोराशी मात्र हिंदीतच बोलायचं, हे आता थांबवू या. त्याच नेगींच्या ‘नौछमी नारैणा’ या एका गाण्यानं २००६मध्ये मुख्यमंत्र्यांपर्यंत राजकारण हलवलं होतं, इतकी ताकद या भाषेत आहे.

तर जनगणना. २०२७च्या मोजणीत उत्तराखंडाच्या बर्फाळ भागांसाठी संदर्भ दिवस १ ऑक्टोबर २०२६ हा आहे, बाकीच्यांसाठी १ मार्च २०२७. मोजणीला येणारा माणूस मातृभाषा विचारतो. जनगणनेच्या नियमात मातृभाषा म्हणजे लहानपणी आई आपल्याशी ज्या भाषेत बोलली ती. नंतर आपण शाळेत कुठली शिकलो, कचेरीत कुठली वापरतो, याचा त्यात संबंध नाही. जे सांगाल तेच लिहिणं प्रगणकाचं काम आहे. येणाऱ्या इतर दोन भाषांसाठी वेगळी जागा असते, हिंदी तिथं सांगता येते. माझा नवरा, दीर, नणंदा यांनी आजवर ‘हिंदी’ सांगितलं ते कुणी दटावलं म्हणून नव्हे, कुणी समजावलं नाही म्हणून. या व्याख्येनं माझ्या मुलीची मातृभाषा मराठी ठरते, ती तसंच सांगेल. पण पुढच्या दोन जागांपैकी पहिली गढवाळीला द्यायची, असं तिनं स्वतः ठरवलंय. आता ती आजीकडून रोज थोडं बोलायला शिकते आणि ‘भोळ’ नीट म्हणते.

मुंबई, ठाणे, नवी मुंबईत गढवाळी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. नेरूळला कौथिग, म्हणजे डोंगराकडची जत्रा, भरतं तेव्हा मैदान माणसांनी फुलून जातं. तिथल्या मंडळींना माझी विनंती आहे. यंदा मंचाशेजारी एक टेबल मांडा, मातृभाषेचा प्रश्न कसा विचारला जातो आणि त्याचं उत्तर काय द्यायचं, हे येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला समजावून सांगा. पहिलीची धगुलीही त्याच टेबलावर ठेवा.