पाच लाख लिटर पाणी, पावणेदोनशे लिटर इथेनॉल

पेट्रोलमधल्या इथेनॉलवर २०२५ च्या पावसाळ्यात मोठा वाद झाला. जुन्या गाड्यांचे मालक म्हणत होते, मायलेज पडले. मेकॅनिक रबरी नळ्या आणि गॅस्केटबद्दल बोलत होते. पेट्रोलियम मंत्रालयाने खुलाशांमागून खुलासे काढले आणि इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरच्या पहिल्याच दिवशी फेटाळली. गाडीच्या टाकीत गेल्यावर इथेनॉलचे काय होते, यावर इतकी चर्चा झाली. टाकीत येण्याआधी ते कुठे होते, यावर मात्र फारच थोडे बोलले गेले. महाराष्ट्रात तरी चर्चेची सुरुवात तिथून व्हायला हवी होती, कारण आपल्याकडे त्याचे उत्तर उसाच्या फडात आणि धरणाच्या पाटात सापडते.

मायलेजचा मुद्दा चटकन संपवू. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे वीस टक्के मिश्रणात ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी सहा ते सात टक्के घट नोंदवलेली आहे. हे भौतिकशास्त्र आहे, त्यावर भांडण्यात अर्थ नाही. देशासाठी, हवेसाठी एवढी झळ सोसायला माझ्यासारखे बरेच लोक आनंदाने तयार होतील. मात्र त्या बदल्यात हवेला आणि मातीला काय मिळते, हे आपल्याला कळले पाहिजे.

मंत्रालयानेच दिलेला आकडा घेऊ. लागवडीपासून जाळण्यापर्यंतचा हिशोब केला तर उसाच्या इथेनॉलमुळे होणारे हरितगृह वायूंचे उत्सर्जन पेट्रोलपेक्षा ६५ टक्क्यांनी आणि मक्याच्या इथेनॉलमुळे ५० टक्क्यांनी कमी असते, असे नीती आयोगाच्या अभ्यासाच्या आधारे सांगितले गेले. हे आकडे जसेच्या तसे मान्य करू. पण ई२० मध्ये इथेनॉल आकारमानाने वीस टक्के असले तरी ऊर्जेने चौदाच टक्के भरते. चौदा टक्क्यांवर ६५ टक्के बचत म्हणजे नऊ टक्के, आणि मका असेल तर सात. २०१४ मध्ये दीड टक्क्यावर असलेले मिश्रण वीस टक्क्यांवर नेण्यासाठी देशाने इतकी धावपळ केली, शेकडो डिस्टिलऱ्या उभ्या केल्या, आणि गाडीमागे कार्बनची बचत झाली सात ते नऊ टक्के. ही बचत खरी आहे आणि मी ती नाकारत नाही. तिच्यासाठी काय मोजले, एवढेच मला विचारायचे आहे.

नीती आयोगाच्या त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे. उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. सरकारी कागदावरचा हा आकडा मला इथेनॉलच्या सगळ्या चर्चेतला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दहा लिटर ई२० मध्ये दोन लिटर इथेनॉल असते. ते सगळे उसाचे असेल तर त्यामागे ५,७२० लिटर पाणी गेलेले असते.

एप्रिल २०१६ आठवून पाहा. लातूर शहरात पाण्यावरून मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावली होती आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. दहा वाघिणींची पहिली गाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन आली, तेव्हा लोक स्टेशनवर बघायला गेले होते. वरच्या आकड्याने भागाकार केला तर त्या गाडीभर पाण्यातून तयार झाले असते १७५ लिटर इथेनॉल. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या. त्यातल्या एका गाडीचे होते ८७५ लिटरच्या आसपास.

यावर साखर उद्योगातले लोक एक योग्य आक्षेप घेतात. त्या २,८६० लिटरमध्ये पावसाचे पाणीही धरलेले असते, आणि सगळा ऊस काही लातुरात होत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि माझा मुद्दा त्यातूनच पुढे जातो. राधानगरी, गगनबावड्याकडे पाऊस धो-धो पडतो आणि तिथली नदी वर्षभर वाहती ठेवायला शाहू महाराजांनी सुरू केलेल्या धरणापासूनची शंभर वर्षांची व्यवस्था आहे. तिथला ऊस एक गोष्ट आहे. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला जेमतेम पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि पाटपाण्यावरच्या उसाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाणी लागते. तिथला ऊस दुसरी गोष्ट आहे. तरीही राज्यात सर्वाधिक साखर कारखाने सोलापूर जिल्ह्यात आहेत, उन्हाळ्यात उजनी उणे पातळीत जाते आणि त्याच उजनीवर अवलंबून असलेल्या सोलापूर शहराला वर्षानुवर्षे चार-पाच दिवसांआड पाणी येते. पंपावर या दोन उसांचे इथेनॉल एकाच टाकीत मिसळते आणि दोघांनाही हरित इंधन म्हणतात. माझी तक्रार या एका नावाबद्दल आहे. ब्राझीलचा दाखला नेहमी दिला जातो. तिथे १९७५ पासून इथेनॉलचा कार्यक्रम चालू आहे आणि आता तीस टक्के मिश्रण आहे. पण ब्राझीलमधला बहुतेक ऊस पावसावर येतो. आपला ऊस येतो धरणावर, विहिरीवर आणि बोअरवर. राज्यातल्या पिकाखालच्या जमिनीपैकी साधारण चार टक्के जमिनीवर ऊस आहे आणि सिंचनाचे निम्म्याहून जास्त पाणी तो घेतो. उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०१७ मध्ये घेतला होता. आजही पाटाने सऱ्या तुडुंब भरणारे पाणी बघायला फार लांब जावे लागत नाही.

पाण्यानंतर सांडपाणी. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश निघतो, गडद तपकिरी, उग्र वासाचा आणि पाण्यातला प्राणवायू शोषून घेणारा. त्यातला थेंबही बाहेर सोडायचा नाही, तो आटवून जाळायचा किंवा खतात जिरवायचा, असा नियम आहे. अनेक डिस्टिलऱ्या तो पाळतात. पण पंचगंगेत, कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या साखर पट्ट्यातल्या वाचकांना नव्या नाहीत. दर वेळी दोष मळीमिश्रित पाण्याचाच असतो असे नाही, शहरांचे मैलापाणीही त्याच नदीत जाते. तरी नदीकाठच्या गावाला कशाचा वास येतो, हे त्या गावाला कळते. त्यात तोडणीनंतर पेटवलेल्या पाचटाचा धूर धरायचा. ६५ टक्के बचतीच्या तक्त्यात नदी आणि मासे कुठे बसतात?

मग शेतकऱ्याने काय करायचे, हा प्रश्न मी टाळणार नाही. शेतकरी ऊस लावतो कारण हमखास दर, हमखास खरेदी आणि ठरलेला हप्ता देणारे दुसरे पीक त्याच्याकडे नाही. इथेनॉलमुळे कारखान्यांच्या हातात पैसा लवकर आला आणि उसाच्या रास्त दराची (एफआरपी) थकबाकी कमी झाली, हे खरे आहे आणि चांगले आहे. दोष सभासदाचा नाही, ज्या दरांनी त्याला या वाटेवर आणले त्यांचा आहे. २०२४-२५ च्या हंगामात सरकारने इथेनॉलचे लिटरचे दर असे ठरवले: सी-हेवी मळीचे ५७.९७ रुपये, थोडी साखर शिल्लक ठेवलेल्या बी-हेवीचे ६०.७३, थेट उसाच्या रसाचे ६५.६१ आणि मक्याचे ७१.८६. सी-हेवी मळी म्हणजे साखर काढून झाल्यावर उरलेले. तिच्यासाठी वेगळा ऊस लावावा लागत नाही, म्हणून पर्यावरणाच्या दृष्टीने तेच सर्वांत स्वच्छ इथेनॉल. त्यालाच सर्वांत कमी दर. रसात साखरेवर पाणी सोडावे लागते म्हणून त्याला जास्त दर, हे कारखान्याच्या ताळेबंदात बरोबर आहे. नदीच्या ताळेबंदात ते उलटे आहे. मक्याचे गणित पाण्यापुरते चांगले आहे. सिल्लोडचा शेतकरी खरिपात पावसावर मका घेतो, त्याला भाव मिळाला तर आनंदच आहे. पण इथेनॉलकडे इतका मका वळला की २०२४ मध्ये भारताला निर्यातीपेक्षा जास्त मका आयात करावा लागला आणि कोंबडीपालकांचे खाद्य महागले. शेतातून इंधन काढायला लागले की ते कोणाच्या तरी ताटातून किंवा गोठ्यातून येते.

विजेच्या गाड्यांकडे वळलो की लोक लगेच म्हणतात, वीज तरी कुठून येते, चंद्रपूरच्या कोळशातूनच ना? बरोबर आहे. आपली बहुतांश वीज कोळशाची आहे आणि चंद्रपूरकर तिची किंमत छातीत धूर घेऊन मोजतात. म्हणून हिशोब आजच्या, बहुतांश कोळशाच्या विजेवरच करू. देशाच्या ग्रिडमध्ये एका युनिटमागे सुमारे ७३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. विजेच्या स्कूटरला शंभर किलोमीटरला तीन युनिट लागतात. चार्जिंगमधली गळती धरून तिचा कार्बन अडीच किलोच्या आसपास भरतो. पेट्रोलची स्कूटर तेवढ्याच अंतराला दोन लिटर पिते आणि साडेचार किलोच्या वर जाते. म्हणजे आजच्या ग्रिडच्या विजेवरही जवळपास निम्मे. पाण्यात तर तुलनाच होत नाही. कोळशाच्या जुन्या वीज केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा आहे, तेव्हा शंभर किलोमीटरला दहा-बारा लिटर पाणी. त्याच अंतराला ई२० वरच्या स्कूटरला चारशे मिलिलिटर इथेनॉल लागते, आणि ते उसाचे असेल तर अकराशे लिटरहून जास्त पाणी.

सौर विजेवर गाडी चालली तर फरक आणखी रुंदावतो. एका एकरात चाळीस टन ऊस आला आणि त्यातल्या प्रत्येक टनाचे सत्तर लिटर इथेनॉल केले, तरी त्यावर एखादी लहान मोटार अठ्ठावीस हजार किलोमीटर जाईल. त्याच एका एकरावरच्या सौर पॅनेलमधून वर्षाला पावणेतीन लाख युनिट वीज मिळते आणि तिच्यावर विजेची मोटार सोळा-सतरा लाख किलोमीटर धावते. साठ पट. त्यासाठी काळ्या रानातला ऊस उपटायची गरज नाही, मुरमाड पडीक चालते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत अशा जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे ठरलेले आहे. जिरायत शेतकऱ्याने हा आकडा एकदा शांतपणे आपल्या उत्पन्नाशी ताडून पाहावा.

तरीही विजेची मोटार घेतली की आपण सुटलो, असे मी म्हणणार नाही. चाळीस युनिटची बॅटरी बनवतानाच अडीच ते चार टन कार्बन हवेत जातो. आजच्या ग्रिडच्या विजेवर तो फेडायला साठ-सत्तर हजार किलोमीटर चालवावी लागते. रोज दहा किलोमीटर फिरणाऱ्या घरगुती मोटारीला त्यासाठी अनेक वर्षे लागतील. दिवसभर धावणाऱ्या रिक्षाची बॅटरी लहान असते आणि ती पहिल्या वर्ष-दोन वर्षांतच हिशोब चुकता करते. म्हणून अनुदानाचा पहिला हक्क रिक्षाचा, टेम्पोचा आणि बसचा. आणि बसचा विषय निघालाच आहे तर सांगतो: लिटरला चार किलोमीटर जाणारी एसटीची जुनी डिझेल लालपरी चाळीस प्रवासी घेऊन निघाली तर माणशी किलोमीटरमागे सतरा ग्रॅम कार्बन पडतो. एकट्या माणसाला घेऊन जाणाऱ्या विजेच्या मोटारीचे होतात शंभरावर. जून २०२२ मध्ये पुणे ते नगर मार्गावर ‘शिवाई’ ही विजेवरची एसटी सुरू झाली, त्याचे मी या सदरात स्वागत केले होते. पण पर्यायी इंधनांच्या गप्पा मारताना गावाची मुक्कामी गाडी बंद पडू देणारे राज्य चुकीच्या टोकाकडून पर्यावरण वाचवत असते.

माझे मत स्पष्ट आहे. साखर काढून उरलेल्या सी-हेवी मळीचे आणि पाचट-काडासारख्या अवशेषांचे इथेनॉल जरूर करावे. पानिपतला २०२२ पासून भाताच्या पेंढ्यावर चालणारा सरकारी तेल कंपनीचा प्रकल्प आहे, तसा पाचटावरचा प्रकल्प साखर पट्ट्यात का नाही, याचे उत्तर मिळायला हवे. अशा इथेनॉलला सर्वांत जास्त दर द्यावा. पाण्याची तूट असलेल्या खोऱ्यांत उसाच्या रसावर चालणाऱ्या नव्या डिस्टिलरीला परवानगी देऊ नये, आणि तिथल्या रसाच्या इथेनॉलला हरित इंधन म्हणणे थांबवावे. तूर, हरभरा आणि ज्वारीच्या खरेदीची हमी उसाइतकी पक्की झाली की शेतकरी स्वतःच हिशोब बदलेल.

हे सदर वाचणाऱ्यांपैकी अनेक जण कुठल्या ना कुठल्या कारखान्याचे सभासद आहेत. येत्या सर्वसाधारण सभेत तीन प्रश्न विचारा: आपल्या डिस्टिलरीत गेल्या हंगामात किती लिटर इथेनॉल रसापासून झाले आणि किती सी-हेवीपासून, त्या उसाला कोणत्या धरणाचे किंवा बोअरचे किती पाणी गेले, आणि आपल्या कार्यक्षेत्रातल्या किती एकरांवर ठिबक आहे. प्रश्न आधी लेखी द्या, म्हणजे उत्तर इतिवृत्तात येईल.