बक्षीस जाहीर झाल्यावर

सहामाही परीक्षा संपली की सोसायटीच्या आवारात किल्ल्याच्या मातीवरून जी खलबतं सुरू होतात, ती मोठ्यांनी एकदा कान देऊन ऐकावीत. कोणाच्या घराचं बांधकाम चालू आहे, विटा कोण देईल, गोणपाट कोणाच्या आईकडे मागायचं, विहिरीसाठी करवंटी पुरेल का, भुयार आधी काढायचं की शेवटी. हळीव आजच पेरायला हवेत, नाहीतर लक्ष्मीपूजनापर्यंत डोंगर बोडकाच राहील, हे नऊ वर्षांचं पोर सात वर्षांच्या पोराला दरडावून सांगत असतं. बुरूज ढासळतो. भांडण होतं, एकजण रुसून घरी जातो आणि चकली खात परत येतो. महाराज सिंहासनावर बसतात, मावळे पहाऱ्याला उभे राहतात आणि पायथ्याशी एक प्लॅस्टिकची एसटी येऊन थांबते. एसटी का, असं कोणी विचारत नाही. ती हातात होती म्हणून.

मग एके वर्षी फलक लागतो : भव्य किल्ले स्पर्धा, रोख पारितोषिके. हेतू कोणाचाच वाईट नसतो. इतिहासाची गोडी लागावी, मुलांनी मोबाइल खाली ठेवावा, एवढंच. पण आता बाबा प्लॅस्टर ऑफ पॅरिसची पिशवी घेऊन खाली उतरतात. कारंज्याला मोटर लागते. नकाशा छापून आणला जातो. परीक्षक ऐतिहासिक अचूकतेला गुण देणार असतात, त्यामुळे एसटीची हकालपट्टी होते. किल्ला देखणा होतो, यात शंकाच नाही. मात्र परीक्षक पाहून गेले, की त्या किल्ल्याशी खेळायला फारसं कोणी फिरकत नाही.

किल्ल्याचं असं का होतं? आमच्या यंदाच्या दिवाळी अंकाचा मुख्य विभाग ‘माणूस धडपडतो कशासाठी?’ या प्रश्नाभोवती गुंफला आहे. हा विषय निघाला की क्रमिक पुस्तकं लगेच मानसशास्त्रज्ञ मास्लोचा गरजांचा त्रिकोण पुढे करतात : तळाशी अन्नपाणी, टोकाला आत्मसाक्षात्कार. (मास्लोच्या १९४३ च्या मूळ निबंधात त्रिकोण नाहीच. तो पुढे व्यवस्थापनशास्त्रवाल्यांनी काढला.) मला मात्र त्या त्रिकोणापेक्षा एका बालवाडीतला साधा प्रयोग जास्त मोलाचा वाटतो.

कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारात बिंग नर्सरी स्कूल नावाची बालवाडी आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी तिथल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर केलेला अभ्यास १९७३ साली प्रसिद्ध झाला. मुलं मुद्दाम निवडलेली होती. मोकळ्या वेळात जी आपणहून रंगीत स्केचपेनांकडे वळत, तेवढीच घेतली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर तुला ‘उत्तम खेळाडू’ असं प्रशस्तिपत्र मिळेल. त्यावर सोनेरी तारा, फीत आणि मुलाचं नाव. काहींना तेच प्रशस्तिपत्र दिलं, पण चित्र झाल्यावर, अचानक. उरलेल्यांना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा स्केचपेनं ठेवली आणि कोण त्यांच्याकडे किती वेळ रमतं, ते आरशामागून टिपलं.

बक्षिसाचा आधीच करार झालेली मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांत रमली. त्यांनी बक्षिसासाठी काढलेली चित्रंही परीक्षकांना डावी वाटली, आणि कोणतं चित्र कोणत्या गटातलं हे परीक्षकांना ठाऊक नव्हतं. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र जशीच्या तशी होती. म्हणजे घात फीत-ताऱ्याने केला नाही, आधी झालेल्या सौद्याने केला. ज्याला आपण खेळ समजत होतो ते मोबदल्याचं काम आहे, असं त्या चिमुरड्यांनी स्वतःपुरतं ठरवून टाकलं असावं, हा लेपर मंडळींचा अर्थ मला पटतो.

या अभ्यासाच्या दोन वर्षं आधी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसीने कॉलेजच्या विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली होती. काहींना दर कोड्यामागे एक डॉलर. मधेच काही मिनिटं तो खोलीबाहेर जाई. टेबलावर मासिकं पडलेली असत. पैसे मिळालेले विद्यार्थी, पैसे बंद झाल्यावर, या मोकळ्या वेळात कोड्यांना आधीपेक्षा कमी हात लावू लागले. आकडे फार ठसठशीत नव्हते, पण डेसीने विषय सोडला नाही. पुढे रिचर्ड रायनबरोबर त्याने मांडलं की माणसाच्या आतल्या ओढीला तीन गोष्टी लागतात : हे मी ठरवलं ही भावना, हे मला जमतंय हा अनुभव, आणि आपल्या माणसांत असल्याचा दिलासा. किल्ल्याच्या खलबतात तिन्ही आहेत. बाबांच्या प्लॅस्टरपुढे पहिल्या दोन टिकत नाहीत.

यावर वादही झाले. कॅनडातल्या ज्युडी कॅमेरॉन आणि डेव्हिड पिअर्स यांनी १९९४ मध्ये म्हटलं, बक्षिसाच्या दुष्परिणामांचा बाऊ केला जातोय. डेसी आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये १२८ प्रयोग एकत्र तपासून उत्तर दिलं. मुळात गोडी असलेल्या कामाला आधी कबूल केलेलं बक्षीस आवडीला मारक ठरतं, मुलांच्या बाबतीत अधिकच. रटाळ कामाला तो नियम लागू नाही. आपल्याकडे चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेचे वाढीव गुण दहावीला मिळतात. त्या गुणांपायी कित्येक मुलं क्लासला जातात आणि निकाल लागला की रंगपेटी माळ्यावर जाते. पण त्याच परीक्षेमुळे एखाद्या खेड्यातल्या पोराच्या हाती पहिल्यांदा ब्रश येतो, हेही खरंच. म्हणून परीक्षा बंद करा, असं मी म्हणणार नाही.

मला धास्ती आहे ती दुसऱ्याच टोकाची. ‘पैशाने आवड मरते’ हे वाक्य मालक मंडळींना फार आवडतं. अंगणवाडी सेविका घ्या. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हापासून त्या मानसेवी. मुलांचं वजन-उंची मोजणं, पोषण आहार, गरोदर बायांच्या घरी फेऱ्या, पोषण ट्रॅकरवर नोंदी, वर निवडणुका आल्या की त्याही नोंदी. त्यांचा मुलांवर जीव असतो, हे कोणीही सांगेल, आणि नेमका तोच जीव दाखवून त्यांना तुटपुंज्या मानधनावर राबवलं जातं. ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य व्हायला २०२२ साल उजाडलं आणि तोही सर्वोच्च न्यायालयात. २०२३ च्या डिसेंबरात राज्यातल्या सेविका संपावर गेल्या, तेव्हा सेवाभावाची आठवण करून देणारे पुष्कळ भेटले. पोराच्या खेळाला लावलेलं बक्षीस आणि बाईच्या श्रमाचं वेतन यांत ज्याला फरक दिसत नाही, त्याने लेपर-डेसींना साक्षीला बोलावू नये.

आता थोडं घरचं. दिवाळी अंकांनाही पुरस्कार असतात आणि मिळाला तर आम्हाला आनंदच होतो, हे कबूल. पण मुलांच्या पानांसाठी चित्रं मागवताना यंदा आम्ही स्पर्धा जाहीर केली नाही. त्यामुळे चित्रं कमी आली. एका पालकांनी फोन करून विचारलं, ‘निदान प्रमाणपत्र तरी द्याल ना?’ जी चित्रं आली त्यांतली जागेत बसली तेवढी क्रमांकाविना छापली आहेत.

लेखक, चित्रकार आणि मुद्रितशोधक यांचं मानधन मात्र अंक छपाईला जाण्याआधीच खात्यावर जमा केलं आहे. कोणाचं राहून गेलं असेल, तर त्यांनी हक्काने कळवावं.

— संपादक