हनुमानाला खुर्ची दिली, शब्द दिले नाहीत

‘आदिपुरुष’ व्हीएफएक्समुळे पडला, असं आपण केव्हाच ठरवून टाकलंय. मीम्सही त्यावरच निघाले. पण ग्राफिक्स हा सोपा आरोपी आहे. खरी गडबड सुराची होती. आपण कुणाशी बोलतोय, हेच या सिनेमाला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

जून २०२३. थिएटरात हनुमानासाठी एक खुर्ची रिकामी ठेवायची घोषणा झाली. आणि पडद्यावरचा हनुमान? शेपटी पेटताना तेल कुणाच्या बापाचं, कापड कुणाच्या बापाचं, याचा हिशेब नाक्यावरच्या पोरासारखा मांडत होता. आजीने हात जोडावेत आणि नातवाने शिट्टी मारावी, असा बेत. झालं काय, तर आजी दुखावली आणि नातू सिनेमालाच हसला.

बचाव ठरलेला होता: आजच्या पिढीला कळावं म्हणून सोपी भाषा. माझा राग इथे आहे. आजची पिढी म्हणजे आम्हीच ना? आम्हाला टपोरीपणाशिवाय काही कळत नाही, हे कुणी ठरवलं? १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवर गदिमा-बाबूजींचं ‘गीतरामायण’ सुरू झालं. ५६ गाणी, शब्द बऱ्याचदा संस्कृताकडे झुकलेले, तरी ते घराघरांत पोचलं. सोपं आणि स्वस्त यात फरक असतो.

तंत्राचंही तेच. मी अंबडला राहतो. इथून जवळच, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी, दादासाहेब फाळक्यांचं स्मारक आहे. त्यांच्या १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच पुरुषाने केल्या. तरी लोकांनी गर्दी केली. सांगणाऱ्याचा गोष्टीवर विश्वास असला, की बघणारा बाकीचं सांभाळून घेतो.

इथे विश्वास किती होता? ओरड होताच आठवड्याच्या आत संवाद बदलले. आमच्या धंद्यात याला हॉटफिक्स म्हणतात. त्याने बग जातो, पण रिक्वायरमेंटच चुकली असेल तर काही होत नाही. जो संवाद इतक्या सहज बदलता येतो, तो मुळात कशासाठी लिहिला होता?

बंदी मागणाऱ्यांशी मला देणंघेणं नाही. पण दिग्दर्शक ओम राऊत, हनुमान झालेले देवदत्त नागे, गाण्यांना अजय-अतुल. आपलीच माणसं आहेत, म्हणून मराठीत हे जरा जोरात बोलायला हवं. शेकडो कोटी खर्च करा, हरकत नाही. फक्त पुढच्या वेळी आम्हाला मूर्ख समजून लिहू नका.