मामा, मार्केट आणि स्टॅम्प ड्यूटी

लोणावळा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? भुशी डॅम, टायगर पॉइंट, भाजलेलं कणीस, चिक्की आणि एक्स्प्रेस-वेवरचं ट्रॅफिक. बरोबर? माझ्या डोळ्यांसमोर मामाच्या हॉलमधल्या बादल्या येतात. मामाचा स्लॅब गळतो. जून ते सप्टेंबर एक बादली टीव्हीपाशी, एक सोफ्यामागे आणि एक घमेलं देवघराच्या दारात असतं. 'यंदा गच्चीवर शेड टाकायचीच' हे वाक्य मी तीन पावसाळे ऐकत होते.

ही गोष्ट मात्र पावसाळ्यातली नाही, २०२५च्या डिसेंबरमधली आहे. शुक्रवारी रात्री मामाचा फोन आला. "उद्या सुट्टी ना तुला? मग ये. मामी मटार-पोहे करतेय. आणि हो, लॅपटॉप आण. एक कडक इंग्लिश लेटर टाइप करायचंय."

मी बाणेरच्या एका कंपनीत पेरोलला आहे. त्यामुळे आमच्या खानदानात टॅक्स एक्स्पर्ट मीच! (तुमच्याही घरात असेल असा कुणी. ज्यानं एकदा कुणाचा प्रिंटर चालू करून दिला, तो जन्मभराचा कॉम्प्युटर इंजिनीअर.) शनिवारी सकाळी शिवाजीनगरहून लोणावळा लोकल पकडली. तळेगाव सोडलं की ही लोकल एकदम वेगळी होते. वडगाव, कान्हे, कामशेत... भात कापून झालेली खाचरं, पेंढ्याच्या उडव्या, आणि मळवली आलं की डावीकडे लोहगड-विसापूर. म्हटलं, पोहे खाऊ, लेटर टाइप करू, संध्याकाळच्या लोकलनं परत!

मामा रेल्वेतून रिटायर झालेला. फाइल लावावी तर त्यानं. टेबलावर कॉन्ट्रॅक्ट नोट्सचा गठ्ठा, वरती त्याच्या सुवाच्य अक्षरात मजकूर तयार. विषय : शेअर व्यवहारांवरील मुद्रांक शुल्काचा परतावा मिळणेबाबत. रक्कम १,३०५ रुपये.

"ब्रोकरला चार मेल केले," मामा म्हणाला. "उत्तर काय, तर ही रक्कम आमच्याकडे राहत नाही, सरकारजमा होते. ठीक आहे! मग आता सरकारलाच लिहू. पुण्यातच तर आहे ऑफिस."

"पण मामा, परत का मागतोयस?"

मामाकडे मुद्दे तयार होते. पहिला मुद्दा फ्लॅटचा. काही वर्षांपूर्वी त्यानं तुंगार्लीत बुक केलेला फ्लॅट रद्द केला, तेव्हा हेलपाटे घालून का होईना, पण स्टॅम्प ड्यूटी परत मिळवली होती. मावळात हे काही नवल नाही. इथे जमिनी आणि बंगले इतके विकले जातात, की स्टॅम्प ड्यूटी हा शब्द लोकांना भाजीच्या भावाइतका तोंडपाठ असतो. मुदतीत अर्ज केला तर रद्द झालेल्या कराराची ड्यूटी परत मिळू शकते, हेही खरं. पण मामाचे शेअरचे सौदे रद्द कुठे झाले होते? खरेदी झाली, ड्यूटी लागली, विषय संपला.

दुसरा मुद्दा त्यानं खिशातून काढला. पेपरातलं कात्रण! "वाच. सुप्रीम कोर्ट. शेअर्सवरची स्टॅम्प ड्यूटी परत द्यायला लावली. महाराष्ट्र सरकारला!"

केस खरी होती, बरं का. नॅशनल ऑरगॅनिक केमिकल इंडस्ट्रीज, म्हणजे आपली नोसिल. कंपनीनं १९९२मध्ये आपलं भागभांडवल ३६ कोटींवरून ६०० कोटींवर नेलं आणि त्यासाठी १ कोटी १२ लाख ८० हजार रुपये स्टॅम्प ड्यूटी भरली. पुढे कायद्यात बदल झाला आणि या ड्यूटीला २५ लाखांची कमाल मर्यादा आली. मग कंपनीनं भांडवल १,२०० कोटींवर नेलं, पुन्हा २५ लाख भरले, आणि नंतर लक्षात आलं, की अरे, आपण तर मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त आधीच भरलेत! परतावा मागितला, सरकार नाही म्हणालं, हायकोर्ट कंपनीच्या बाजूनं गेलं, सरकार वर गेलं. शेवटी ५ एप्रिल २०२४ रोजी सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की मर्यादा एकदाचीच आहे, पंचवीस लाख ६ टक्के व्याजानं परत करा.

"पण ती ड्यूटी कंपनीनं स्वतःचं भांडवल वाढवताना भरलेली," मी म्हटलं. "तुझी बाजारात शेअर घेतानाची. आडनाव एक, म्हणून लगेच नातेवाईक होतात का?"

मामाला ही उपमा आवडली नाही. त्यानं तिसरा मुद्दा काढला, तो तत्त्वाचा होता. "आमच्या वेळी शेअर ट्रान्स्फरच्या फॉर्ममागे तिकिटं चिकटवावी लागायची. शंभर रुपयांना २५ पैसे. जीभ कोरडी पडायची चाटून चाटून. मग डिमॅट आलं, म्हणाले तिकिटं गेली. मग ही परत कुठून आली?"

ही शंका मात्र रास्त होती. डिमॅटमुळे तिकिटं गेली तरी कॉन्ट्रॅक्ट नोटवरची ड्यूटी राहिली होती, आणि ती प्रत्येक राज्याची वेगळी होती. १ जुलै २०२०पासून देशभर एकच दर झाला. आता एक्स्चेंज ती खरेदी करणाऱ्याकडून परस्पर कापून घेतं आणि तो ज्या राज्यात राहतो, त्या राज्याला पाठवतं. डिलिव्हरीला ०.०१५ टक्के, म्हणजे लाखाला १५ रुपये. इंट्राडे आणि ऑप्शन्सला ०.००३ टक्के, म्हणजे लाखाला ३ रुपये. एवढी किरकोळ, की कुणी बघतसुद्धा नाही. तुम्ही बघता का? खरं सांगा!

"परत मिळणार नाही मामा, पण फुकटही जात नाही," मी एक्स्पर्टच्या थाटात सुरू केलं. "डिलिव्हरीचे शेअर घेतलेस, तर ही ड्यूटी खरेदी किमतीत धरायची. विकशील तेव्हा तेवढा नफा कमी दिसतो. एसटीटीला ती सवलत नाही, ड्यूटीला आहे. थांब, तुझ्या १,३०५मध्ये डिलिव्हरीचे किती ते बघू."

आणि मी स्टेटमेंट उघडलं.

डिलिव्हरीचे ४५ रुपये. म्हणजे तीन लाखांचे शेअर. ठीक. उरलेले १,२६० रुपये ऑप्शन्सच्या रकान्यात होते.

लाखाला तीन रुपये. मी मोबाइलवर भागाकार केला. मग पुन्हा केला. ४२० लाख. चार कोटी वीस लाख!

मी मामाकडे बघितलं. मामा खिडकीबाहेर बघत होता. रिटायर्ड माणसानं एका वर्षात चार कोटी वीस लाखांचे ऑप्शन्स घेतले होते. बाजार चालू असलेल्या दर दिवशी दीड लाखाच्या वर. अर्थात एवढे पैसे त्याच्याकडे नव्हते. तेच चार-पाच लाख सकाळी आत, दुपारी बाहेर, पुन्हा आत. पण मीटर प्रत्येक फेरीला पडतच होतं ना!

"प्रॉफिट-लॉस रिपोर्ट कुठाय?" मी हळू विचारलं. आत मामी होती.

"तो नाही काढला," मामा म्हणाला.

माणूस ४५ रुपयांचा हिशेब ठेवतो, चार मेल करतो, कात्रण जपून ठेवतो, आणि एक रिपोर्ट तेवढा डाउनलोड करत नाही! मला आधी राग आला. मग आठवलं, की आपणही क्रेडिट कार्डचं स्टेटमेंट आलं की आधी फक्त 'मिनिमम ड्यू' बघतो.

रिपोर्ट मी काढला. २०२४-२५चा निव्वळ तोटा ४ लाख ३६ हजार. त्यात ब्रोकरेज, एसटीटी, एक्स्चेंजचे चार्जेस आणि जीएसटी मिळूनच दीड लाखाच्या वर गेलेले. मामा एकटा नव्हता म्हणा. सेबीनं सप्टेंबर २०२४मध्ये अभ्यास जाहीर केला होता : आधीच्या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या दर शंभरातल्या ९३ वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला, सरासरी सुमारे दोन लाखांचा. मी हे मामाला सांगितलं. त्याला काही बरं वाटलं नाही.

आता पुढचा प्रश्न. "हे रिटर्नमध्ये दाखवलंस?"

"फायदा झालाच नाही तर दाखवायचं काय?" मामानं पेन्शन आणि एफडीचं व्याज लिहून साधा फॉर्म भरून टाकला होता. स्वतःच. पेन्शन ७ लाख ४४ हजार, व्याज १ लाख ४० हजार, टॅक्स ३२ हजार १३६. बँकेनं कापलेले १४ हजार, बाकीचे स्वतः नेऊन भरले. वर १,३०५ रुपयांसाठी भांडण!

माझी एक सीए मैत्रीण तळेगावला राहते. तिला फोन लावला. ती पाच मिनिटं काहीतरी चावत ऐकत होती, मग म्हणाली, "अगं, ऑप्शन्सचा तोटा हा धंद्याचा तोटा. तो पगारातून किंवा पेन्शनमधून वजा होत नाही. पण एफडीच्या व्याजातून होतो! १ लाख ४० हजारांचं व्याज पूर्ण उडालं, तर उरतं काय? पेन्शनमधून ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन जाऊन ६ लाख ६९ हजार. त्या वर्षी नव्या रेजीममध्ये सात लाखांपर्यंत रिबेट होता. म्हणजे टॅक्स शून्य. सगळे ३२ हजार परत. आणि स्टॅम्प ड्यूटी म्हणशील तर ती खर्चातच आली, एसटीटीसकट. धंद्याच्या हिशेबात दोन्ही चालतात. फक्त फॉर्म बदलावा लागेल आणि ३१ डिसेंबरच्या आत सुधारित रिटर्न भरावं लागेल. आज तारीख किती?"

"वीस."

"मग काय, सोमवारी पाठव कागद. मूळ रिटर्न वेळेत भरलंय ना? मग उरलेला तोटाही लिहून ठेवू. पुढची आठ वर्षं धंद्यातल्या नफ्यातून वजा करता येतो. अर्थात त्यासाठी मामांनी परत तेच करावं, असा सल्ला मी देणार नाही हं!"

मी फोन ठेवला. मला वाटलं मामा उडी मारेल. १,३०५ मागायला निघालेल्या माणसाला ३२ हजार मिळतायत! मामानं फाइलची नाडी बांधली.

"राहू दे," तो म्हणाला. "नको तो फॉर्म."

"का पण?"

"त्यात आकडा लिहावा लागेल."

मला आधी कळलंच नाही. मग स्वयंपाकघरातून मामीचा आवाज आला, "चहा टाकू का अजून?" आणि कळलं. रिटर्नचे कागद मामी लावते, कपाटातल्या निळ्या पिशवीत. बँकेचे मेसेज मामाच्या फोनवर येतात, पण त्या पिशवीतलं प्रत्येक पान मामीच्या हाताखालून जातं. मुद्रांक खात्याशी भांडणं सोपं होतं. त्यात हरलो तरी चूक सरकारची.

गळक्या स्लॅबचं कोडंही तेव्हाच सुटलं. गच्चीवरच्या शेडचं कोटेशन १ लाख ८० हजारांचं होतं. फ्रिजवर मॅग्नेटखाली अजून लावलेलं.

तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत? मी खरंतर पळ काढायच्या विचारात होते. नवरा-बायकोच्या मध्ये भाचीनं पडू नये, अशी समजूत मनाशी घालत लॅपटॉप बंद केला. पण मामी ट्रे घेऊन बाहेर आली, टेबलावर आम्हा दोघांचे चेहरे बघितले आणि खुर्ची ओढून बसली. मटार सोलायचं ताट तिनं मांडीवर घेतलं.

"मिळतायत का स्टॅम्पचे पैसे?" तिनं विचारलं.

मामा बराच वेळ कपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नाही. स्टॅम्पचे नाही मिळत. पण दुसरं एक सांगायचंय."

मी उठून गच्चीवर गेले. समोर डोंगरात एक्स्प्रेस-वेवर वीकेंडच्या गाड्यांची रांग लागली होती. गच्चीत मागच्या पावसात टाकलेलं निळं प्लास्टिक विटांखाली दाबलेलं होतं, जागोजागी फाटलेलं. खालून आवाज वगैरे काही आला नाही. वीसेक मिनिटांनी मामीनंच हाक मारली.

ती मटार सोलत होती. डोळे लाल होते. मामा कपाटातली निळी पिशवी काढून कागद शोधत होता.

"तुझी मैत्रीण फी किती घेते?" मामीनं मला विचारलं.

सुधारित रिटर्न २७ डिसेंबरला भरलं. मामाचं कडक इंग्लिश लेटर माझ्या डेस्कटॉपवर अजून पडून आहे, फक्त विषय टाइप केलेला. ट्रेडिंगचं ॲप मामानं काढून टाकलं की नाही, ते मी विचारलं नाही. मामीनं विचारलं असणार. फोनचा पासवर्ड आता तिला माहीत आहे. रिफंड जमा झाला त्या दिवशी मला मामीचाच मेसेज आला. शेडवाल्याला ॲडव्हान्स दिला म्हणे, तीस हजार. वरचे दोन हजार कुठे गेले, असं मी गमतीनं विचारलं.

"दोन नव्या बादल्या आणल्या," तिनं लिहिलं. "शेड होईपर्यंत लागतीलच ना."