अत्तरावर स्प्रे कशासाठी?

सहरी उरकून, फजरची नमाज पढून माझा भाचा रोज सकाळच्या गाडीनं जळगावला नोकरीवर जातो. गेल्या आठवड्यात निघताना त्यानं कपाटातली कुपी काढली, खसचं अत्तर बोटावर घेऊन कानामागे लावलं. मग ओट्यावर बसून बूट घातले, पिशवीतून स्प्रेचा डबा काढला आणि मानेवर, शर्टावर फस्सकन फवारला.

"अरे, आताच अत्तर लावलं ना?"

"लावलं मामू. पण नुसतं अत्तर असलं की ऑफिसात कळतं."

"काय कळतं?"

लेस बांधता बांधता तो म्हणाला, "कळतं म्हणजे... कळतं."

मग थोडं थोडं करून त्यानं सांगितलं. सोबतचे लोक वाईट नाहीत. डबा एकत्र खातात, ईदला शीरखुर्मा हक्कानं मागतात. पण अत्तराचा वास आला की कुणीतरी हसून म्हणतं, "काय भाऊ, आज जुम्मा वाटतं!" एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्या वेळेनंतर यानं स्प्रे घेतला. भांडण नाही, तक्रार नाही. अत्तरावर फक्त एक थर चढला.

एका सुगंधावर दुसरा सुगंध लावून आपला स्वतःचा खास वास तयार करायचा, ही सध्या तरुणांची हौस आहे. मोबाईलवर त्याचे धडे मिळतात, दुबईच्या बाटल्या मागवल्या जातात. मला ही हौस आवडते, आणि ती नवी नाही. पारंपरिक अत्तर मुळातच दोन थरांचं असतं. कन्नौजला तांब्याच्या डेगमध्ये फुलं किंवा मुळं पाण्यात तापवतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते, आणि भपक्यात आधीपासून चंदनाचं तेल असतं. गुलाब असो की केवडा, तो चंदनाच्या अंगावर बसूनच बाहेर येतो. चंदन महागल्यापासून पुष्कळ जण दुसरी तेलं वापरतात, पण रीत तीच.

घरी थर लावायचे तर तोच नियम. जड वास आधी, हलका नंतर. चंदन, ऊद, कस्तुरीच्या जातीचे वास हळू उडतात, त्यांना खाली ठेवायचं. गुलाब, मोगरा लवकर उडतात, ते वर. मनगटावर टेकवायचं, चोळायचं नाही. अर्धा तास थांबायचं आणि मग ठरवायचं, कारण कुपीतला वास आणि अंगावरचा वास कधीच एक नसतो. आपल्या खानदेशच्या उन्हात तर वरचा थर स्टेशनपर्यंतही टिकत नाही. खाली काय लावलंय, तेच दिवसभर सोबत राहतं.

माझे अब्बा हे कुणाकडून शिकले होते कोण जाणे. बोदवडच्या जिनिंगमध्ये त्यांची उभी हयात कापूस तोलण्यात गेली. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. त्याप्रमाणे अब्बांचं अत्तरही बदलायचं. उन्हाळ्यातला रमजान असला तर चंदनावर खस, थंडीतला असला तर चंदनावर शमामा. ते गेल्यावर मी दोन्ही कुप्या आणल्या, त्यांच्यासारखेच थर दिले. अम्मीनं माझं मनगट नाकाशी धरलं आणि म्हणाली, "चांगलं आहे. पण यात सरकी नाही."

खरंच नव्हती. अब्बांच्या अंगाला सरकीचा तेलकट वास असायचा, कितीही आंघोळ केली तरी. खस आणि चंदन त्याच्यावर बसायचे. त्यांचा खास वास त्या तिघांचा होता, आणि तिसरा कुठल्याच दुकानात मिळत नव्हता. हजरत सलमान फारसी यांनी सांगितलेल्या हदीसमध्ये जुम्म्याला आंघोळ करून, तेल किंवा आपल्या घरातला सुगंध लावून मशिदीत येण्याचा उल्लेख आहे. घरातला सुगंध! मला त्या शब्दाचा अर्थ सरकीमुळे उमगला.

आता भाच्याच्या खसकडे येतो. खस म्हणजे दुसरं काय, आपला वाळा. उन्हाळा लागला की या गावात कोणाच्याही घरी माठात वाळ्याची जुडी पडते. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून दुपारी काढलेली माणसं अजून आहेत. त्याच मुळांचा अर्क माझ्या भाच्याच्या कानामागे लागला की तो जुम्म्याचा वास होतो. माठातल्या वाळ्याला जात नाही, धर्म नाही. कानामागे गेला की दोन्ही चिकटतात, हे कसं?

हळदीकुंकवाला हाताच्या पाठीवर अत्तर लावतात, वर गुलाबपाणी शिंपडतात. लग्नाच्या मांडवात अत्तरदाणी फिरते. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं ‘बृहत्संहिते’त सुगंध मिसळण्यावर प्रकरण लिहिलं. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडली तर १,८२० मेळ होतात, असा हिशोबच त्यानं मांडला. ‘गंधवाद’ या संस्कृत ग्रंथावर तर मराठीत टीका आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी तिचं हस्तलिखित अभ्यासून तिचा काळ साधारण १३५० ते १५५० असा धरला. म्हणजे सुगंध कसे जुळवावेत, हे किमान साडेचारशे वर्षांपूर्वी कुणीतरी मराठीत समजावून सांगत होतं. मग अत्तर एकट्या आमच्या मोहल्ल्याचं कधी झालं?

यात आमचीही चूक आहे, ती आधी कबूल करतो. तरावीहच्या सफेत खांद्याला खांदा लागतो, आणि काही जण अख्खी कुपी अंगावर रिकामी करून येतात. स्वस्त रासायनिक तेलांनी शेजाऱ्याचं डोकं दुखतं. गाडीच्या गच्च डब्यात दम्याचा माणूस असू शकतो. कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, इतकी दुसऱ्याच्या नाकाची काळजी आमच्या दीनमध्ये सांगितली आहे. ती अत्तरालाही लागू व्हावी, असं माझं मत आहे. तेव्हा कोणी "वास जरा जास्त झाला" म्हटलं, तर राग मानू नये. तो नाकाबद्दल बोलतोय. पण "आज जुम्मा वाटतं" म्हणणारा नाकाबद्दल बोलत नाही. त्याच्या मनात काही नसेलही. तरी ऐकणाऱ्याला कळतं की आपण खोलीत शिरण्याआधी आपली ओळख शिरली.

मला भीती त्याची वाटते. अब्बा सरकी लपवत नव्हते, खस लपवत नव्हते. भाचा लपवतोय. दोघेही थरच देतात. पण एकाचे थर जुळवण्यासाठी होते, दुसऱ्याचा झाकण्यासाठी आहे. झाकण्याची सवय लागली की ती अत्तरावर थांबत नाही. आज वास, उद्या डब्यातला पदार्थ, परवा फोनवर घरच्यांशी बोलताना हळू केलेला आवाज.

मी त्याला एवढंच म्हणालो, "अत्तर कमी लाव. अर्धा थेंब पुरे. खाली चंदन, वर खस, आणि बाकी तुझा तू ठरव. पण स्प्रे ठेव." त्यानं अजून ऐकलेलं नाही. तरुण आहे, नोकरी नवी आहे, आणि तिथं रोज बसायचं त्याला आहे, मला नाही.

म्हणून हे त्याच्यासाठी नाही, आपल्यासाठी लिहिलं. ईदच्या दिवशी आमच्या दारात अत्तरदाणी असेल. फाया बोदवडच्याच कापसाचा असेल. आपण याल, हात पुढे कराल, हे मला ठाऊक आहे, दरवर्षी येता. विनंती त्यानंतरच्या दिवसांची आहे. गाडीत, ऑफिसात शेजारच्या पोराकडून खसचा वास आला आणि काही बोलावंसं वाटलं, तर एवढंच विचारा, "छान आहे, कोणतं लावलंय रे?" त्याला सांगायला आवडेल. तो बहुधा वरच्या कोणाचंच नाव न घेता थेट खालच्या थरापासून सुरू करेल.