पहिली कोंबडी मरते, तेव्हाच तपासणी



सापगावच्याच शहापूर तालुक्यात, वेहळोलीला, फेब्रुवारी 2022 मध्ये एका शेडातल्या सुमारे 100 कोंबड्या मेल्या. नमुन्यांत बर्ड फ्लू निघाला. मग एक किलोमीटरच्या आतले 25,000 च्या आसपास पक्षी मारण्याचे ठरले. हा शेडवाल्यांचा प्रश्न म्हणून कापूस-ज्वारीवाल्याने हात झटकू नयेत. त्याआधी जानेवारी 2021 मध्ये परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला सुमारे 800 कोंबड्या अशाच गेल्या होत्या. कपाशी बुडाली, ज्वारीला भाव नाही, अशा वर्षी दारातल्या दहा कोंबड्याच घराचे मीठ-मिरची चालवतात.

कोंबडी मान टाकते, हिरवे हगते, मरते. राणीखेत की बर्ड फ्लू? नुसत्या डोळ्यांनी ते सांगता येत नाही. शेतकीची पदवी घेतलेल्या आम्हालाही नाही. राणीखेतवर लस आहे. बर्ड फ्लू निघाला तर पक्षी मारणे हाच सरकारी उपाय. निवाडा प्रयोगशाळेचा. घशातला व गुदद्वारातला नमुना किंवा मेलेला पक्षी बर्फात घालून पाठवतात; शेवटचे शिक्कामोर्तब भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते.

आता हिशेब नीट ऐका. भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची. आधीच मेलेल्यांची नाही. 2021 मध्ये अंड्यावरच्या मोठ्या कोंबडीला 90 रुपये आणि मांसाच्या मोठ्या पक्ष्याला 70 रुपये दर होता. म्हणजे लपवाछपवीत गेलेला प्रत्येक दिवस आपल्याच खिशातून जातो. मेलेली कोंबडी ओढ्यात फेकली, तर रोग शेजाऱ्याच्या खुराड्यात जातो तो वेगळाच.

साथ कळवणे 2009 च्या कायद्याने मालकावर बंधनकारक आहे. आम्ही कळवू. पण बंधन एकतर्फी नको. नमुना नेला की पोच द्या. अहवाल मालकाच्या हातात लेखी द्या. पक्षी मारण्याआधी गावासमोर मोजा, आणि त्या मोजणीत म्हातारीची गावठी कोंबडीही धरा. सभेत हाच ठराव मांडायचा आहे.

तोवर रोज सकाळी खुराडे उघडताना कोंबड्या मोजा. एखादी मेली तर उघड्या हाताने उचलू नका. दुहेरी पिशवीत बांधा आणि त्याच दिवशी जनावरांच्या दवाखान्यात कळवा. दुसरी मरायची वाट पाहू नका.