दुरुस्तीच्या आधी नक्कल

रिसोड, मंगरूळपीर, मानोरा, गाव कुठलंही असो. पतसंस्थेच्या, वाचनालयाच्या किंवा आडतीच्या दुकानाच्या कोपऱ्यात जुना लिनक्स सर्व्हर चालू असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. आपला वाशीम जिल्हा 1998 साली झाला. काही सर्व्हर जिल्ह्याच्याच वयाचे वाटतात!

पावसाळ्यात लाईन जाते. यूपीएसची बॅटरी आधीच मेलेली. लाईन आल्यावर पडद्यावर येतं, टेबल ‘क्रॅश’ झालंय, दुरुस्त करा. मायएसक्यूएलमधल्या जुन्या मायआयसॅम टेबलांचं हे नेहमीचं दुखणं. 2010 च्या 5.5 आवृत्तीपासून नवं टेबल आपोआप इनोडीबी प्रकारचं होऊ लागलं. ते लाईन गेल्यावर बहुतेक वेळा आपलं आपण सावरतं. त्याआधीची टेबलं मुद्दाम बदलली नसतील, तर ती अजून मायआयसॅमच असणार.

त्यांच्या दुरुस्तीचा प्रोग्रॅम म्हणजे मायआयसॅमचेक. कृपा करून संदेश दिसताच तो चालवू नका. जी नोंद त्याला वाचता येत नाही, ती तो गाळून पुढे जातो. खातेदाराची पावती त्यातच असू शकते.

आधी मायएसक्यूएल बंद करा. ते चालू असताना दोघांनी एकाच फायलीत हात घातला, तर धड असलेलंही बिघडतं. मग टेबलाच्या तिन्ही फायलींची नक्कल काढा: एमवायडीत नोंदी, एमवायआयमध्ये इंडेक्स, एफआरएममध्ये रचना. फायलीची मालकी तीच राहील अशी कॉपी करा. रूटने साधी कॉपी करून परत ठेवलेली फाईल मायएसक्यूएलला अनेकदा उघडत नाही, 13 नंबरची एरर येते, आणि माणूस टेबलच गेलं समजून पुन्हा दुरुस्तीला बसतो.

डिस्कवर जागा किती उरली तेही बघा. दुरुस्तीत नोंदींची नवी फाईल तयार होते, म्हणजे निदान जुनीइतकी जागा मोकळी हवी. 28 नंबरची एरर म्हणजे डिस्क भरली. दुरुस्ती मध्येच तुटली तर टीएमडी नावाची अर्धवट फाईल मागे राहते आणि पुढच्या वेळी आडवी येते.

सुरुवात आर आणि क्यू या दोन पर्यायांनी करा. त्यात फक्त इंडेक्स नव्याने बांधला जातो, नोंदींना हात लागत नाही. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. नाही भागलं तर नुसता आर, आणि अगदी शेवटी ओ, तो फार सावकाश चालतो.

झाल्यावर नोंदींचा आकडा रोजकीर्दीशी ताडून बघा. कमी भरला आणि जाणकाराला बोलवायचं ठरलं, तर त्याच्या हाती दुरुस्त केलेली फाईल देऊ नका. पहिली नक्कल द्या.